समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि दारूने सुजलेलं लिव्हर: दादासाठी विचारतेय

धायरीची_मुग्धा | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट सांगून काही उपयोग नाही.

माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा आहे. नऱ्ह्याला त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेली दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. भांडण नाही, शिवीगाळ नाही, कामाचा खाडा नाही. त्यामुळे 'हा दारू पितो' असं घरात कधी कुणी तोंडातून काढलंच नाही. दिवाळीनंतर त्याची भूक गेली, उजव्या कुशीत जड वाटायला लागलं, तेव्हा वहिनी त्याला हट्टाने तपासायला घेऊन गेली. सोनोग्राफीत ग्रेड दोन फॅटी लिव्हर निघालं. रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स, लिव्हर दुखावलं की चढतात ती: एसजीओटी ११८, एसजीपीटी ५२, जीजीटी २९०. डॉक्टरांनी एकच सांगितलं, दारू बंद.

पंधरा दिवसांनी घरात एक डबी आली. मोबाइलवर जाहिरात बघून दादाने मागवली होती. तपकिरी समुद्री शेवाळाचा अर्क, फ्युकॉयडान, ६० कॅप्सूल, २,४०० रुपये. दारूपासून लिव्हरचं रक्षण होतं असं जाहिरातीत म्हटलंय. आता रोज साडेसातला तो आधी कॅप्सूल घेतो आणि मग ग्लास भरतो. काल मी तिथेच होते. टेबलावर खारे शेंगदाणे, सोडा, क्वार्टर आणि शेजारी ती डबी. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "अगं, संशोधन झालंय यावर. कोरियात, जपानात. वाच जरा."

म्हणून वाचायला बसले. संशोधन खरंच दिसतंय, पण मी कॉमर्सची, त्यातलं मला फारसं उमगत नाही. शेवाळातल्या या पदार्थाने लिव्हर खरंच वाचतं का? आणि वाचत असेल तर रोजच्या क्वार्टरपुढे त्याचा टिकाव लागतो का? जाणकारांनी सांगावं. वहिनी रात्र-रात्र जागी असते.

---

राजस_बाणेर | रविवार, रात्री ११:१०

मीही साधारण असंच एक प्रॉडक्ट चार महिने घेतोय. ऑफिसची पार्टी असली की आधी दोन कॅप्सूल. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं असतं. मला तरी फरक पडलाय. नैसर्गिक आहे, तोटा तर काही नाही ना?

---

पाषाणकर | सोमवार, सकाळी ७:०५

मुग्धाताई, मी आता निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं पॉलिसॅकराइडच्या रसायनशास्त्रात गेली आणि त्यातली अडीच वर्षं फ्युकॉयडान माझ्या टेबलावर होतं. पाण्यात कालवलं की पातळ खळीसारखं बोटाला चिकटतं, आणि नीट शुद्ध केलेलं नसेल तर सुक्या मासळीसारखा वास मागे राहतो. या पदार्थाबद्दल मला आस्था आहे. म्हणूनच तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं.

आधी खरं काय ते सांगतो. १९१३ साली स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात हॅराल्ड क्युलिन यांनी तपकिरी शेवाळातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला. साखरेची लांबच लांब साखळी, त्यात मुख्य साखर फ्युकोज, आणि जागोजागी सल्फेटचे गट लटकलेले. जपानी लोक खातात त्या वाकामेत ते असतं, कोंबूत असतं, ओकिनावाच्या मोझुकूत असतं. पण प्रत्येक शेवाळात साखळीची लांबी वेगळी आणि सल्फेटचं प्रमाण वेगळं. त्यामुळे डबीवर नुसतं 'फ्युकॉयडान' लिहिणं म्हणजे बाटलीवर नुसतं 'तेल' लिहिण्यासारखं आहे. करडईचं की एरंडाचं, ते सांगायला नको?

आता लिव्हरकडे येऊ. दारू लिव्हरमध्ये गेली की तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग अॅसिटेट. मधलं अॅसिटाल्डिहाइड विषारी, ते पेशीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये सीवायपी२ई१ नावाचं आणखी एक एन्झाइम वाढतं. ते दारू जाळतं खरं, पण जाळताना पेशीला भाजून काढणारे ऑक्सिजनचे रेणू सोडतं. ते विझवायला पेशीजवळ ग्लुटाथायोन असतं, त्याचा साठा आटत जातो. दुसरीकडे दारूमुळे आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि तिथल्या जिवाणूंची विषं रक्तातून थेट लिव्हरला पोहोचतात. लिव्हरमधल्या पहारेकरी पेशी चवताळतात, सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण, आणि व्रणांचं जाळं झालं की सिरॉसिस.

शेवाळातले पदार्थ या साखळीत दोन-तीन ठिकाणी आडवे येतात असं उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पेशीची स्वतःची अग्निशामक यंत्रणा चालू करणारं एनआरएफ२ नावाचं प्रथिन फ्युकॉयडानने जागं होतं. तपकिरी शेवाळाला रंग देणारं फ्युकोझॅन्थिन आणि एकलोनिया जातीच्या शेवाळातली फ्लोरोटॅनिन्स यांचंही असंच काही निष्पन्न झालेलं आहे. आतड्याचं अस्तर घट्ट राहतं, एसजीओटी-एसजीपीटी कमी चढतात, लिव्हरमध्ये चरबी कमी साठते. हे काम प्रामाणिक आहे, आणि तुमचे दादा 'संशोधन झालंय' म्हणतात ते खोटं नाही.

पण त्या शोधनिबंधांतला आलेख कसा असतो ते एकदा दादांना दाखवा. साधारण तीन खांब असतात. पहिला, दारू न दिलेले उंदीर. दुसरा, दारू दिलेले. तिसरा, दारू आणि शेवाळाचा अर्क दोन्ही दिलेले. जाहिरातवाला दुसरा आणि तिसरा खांब दाखवतो आणि म्हणतो, बघा किती खाली आला. पहिल्या खांबाकडे कुणी बघत नाही. बहुतेक आलेखांत तिसरा खांब दुसऱ्याच्या खाली असतो, पण पहिल्याच्या वरच राहतो. सगळ्यात निरोगी लिव्हर त्या उंदरांचं, ज्यांना कुणी दारू पाजलीच नाही. हे त्याच पानावर, त्याच शाईत छापलेलं असतं.

उंदरांचंही थोडं सांगतो, कारण इथेच गफलत होते. उंदराला दारू आवडत नाही. समोर ठेवली तरी लागेल तेवढी पीत नाही, म्हणून ती पातळ खाद्यात मिसळून द्यावी लागते. शिवाय तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने दारू पचवतो, आणि नुसत्या दारूने त्याला सिरॉसिस होत नाही. म्हणजे प्रयोगात जे वाचवलेलं दिसतं, ती काही आठवड्यांची चरबी आणि सूज असते. बारा वर्षांची क्वार्टर तिथे मोजलेलीच नाही. दारूने लिव्हर बिघडलेल्या माणसांमध्ये या अर्काचा फायदा अजून सिद्ध झालेला नाही.

आता मात्रेचं बघा. प्रयोगांत उंदरांना वजनाच्या किलोमागे १०० ते ३०० मिलिग्रॅम देतात. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण १२.३ ने भागतात. ३०० ला भागलं की किलोमागे २४ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज सुमारे १,७०० मिलिग्रॅम शुद्ध फ्युकॉयडान. ताई, डबीवर काय लिहिलंय ते जरा बघून सांगाल का? शेवाळाची जात, फ्युकॉयडान किती टक्के, आयोडीन किती.

---

देवबागकरीण | सोमवार, दुपारी १:३०

पाषाणकर काका, फार छान समजावलंत. मी मूळची मालवणची, लग्नानंतर कोथरूडला. ज्या तपकिरी शेवाळाबद्दल बोलताय त्यातलं सरगॅसम आमच्या खडकांवर थंडीत चिकार असतं. ओहोटीला खडक उघडे पडले की झुडपासारखं लोळत पडलेलं दिसतं, आणि त्याला मोत्याएवढे हवेचे फुगे असतात. लहानपणी अनवाणी पायाने ते फुगे फोडत चालायचं, टप टप आवाज यायचा. वाहून आलेलं शेवाळ गोळा करून आजी सांगायची, "ता माडाक घाला." आमच्या घरी ते माडाच्या बुंध्यातच गेलं, ताटात कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात थोडं पुण्याला आणलं होतं, लेकीला शाळेत दाखवायला. गरम पाण्यात टाकलं आणि बघता बघता हिरवंगार झालं! लेक तर ओरडलीच. मग कळलं की हिरवा रंग आधीपासून आत असतोच, तपकिरी रंग फ्युकोझॅन्थिनचा. उष्णतेने त्याची प्रथिनांशी बांधलेली जोडी सुटते आणि खालचा हिरवा वर येतो.

एक शंका आहे. आपण फालुद्यात आणि पुडिंगमध्ये चायना ग्रास घालतो, तेही समुद्री शेवाळच ना? मग मुग्धाच्या दादांना त्याचं पुडिंग करून दिलं तर?

---

पाषाणकर | सोमवार, दुपारी ३:१५

चायना ग्रास म्हणजे अगार, ते लाल शेवाळातून येतं. फ्युकॉयडान तपकिरी शेवाळातच असतं, त्यामुळे अगारमध्ये ते नाही. पुडिंग पुडिंग म्हणून जरूर खावं. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दोरांना बांधून वाढवतात ते कप्पाफायकसही लाल, त्यातून कॅरागीनन मिळतं, आइस्क्रीम दाट करायला वापरतात.

तुमच्या शंकेवरून आठवलं. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या काही जिवाणूंकडे नोरी शेवाळातली साखर फोडणारं एन्झाइम आहे. ते समुद्रातल्या जिवाणूंकडून आलेलं. पिढ्यान्‌पिढ्या कच्चं शेवाळ खाल्ल्यामुळे त्यांच्या पोटातल्या जिवाणूंनी ती विद्या उचलली. ज्या उत्तर अमेरिकी लोकांची तपासणी झाली त्यांच्यात ती सापडली नाही. माणसाचं स्वतःचं शरीर फ्युकॉयडानही पचवू शकत नाही, रक्तात अगदी थोडं जातं, बाकीचं आतड्यातल्या जिवाणूंच्या हवाली. तेव्हा ओकिनावात जे घडतं ते वरण-भाताच्या पोटात तसंच घडेल असं गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडेही काम चाललेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. भावनगरची मीठ व सागरी रसायनांची केंद्रीय संस्था शेवाळावर कित्येक वर्षं संशोधन करते आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तर शेवाळापासून लिव्हरसाठी अर्कही बनवला आहे. पण तो बिगर-दारूच्या फॅटी लिव्हरसाठी. दारूसोबत घ्यायचा म्हणून नव्हे.

---

धायरीची_मुग्धा | सोमवार, रात्री ९:२०

आत्ता डबी हातात घेऊन बसलेय. पुढच्या बाजूला लाटा आणि हिरवं पान. मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च लावून वाचली. 'समुद्री शेवाळ मिश्रण ५०० मिग्रॅ'. बस. जात कुठली, ते नाही. फ्युकॉयडान किती टक्के, ते नाही. आयोडीनचा उल्लेखच नाही. उत्पादन परदेशी असल्याचा भास होतो, पण पॅकिंगचा पत्ता इथलाच आहे. सगळ्यात खाली, शिवणीच्या आत दुमडलेल्या कागदावर एक ओळ: 'हे उत्पादन कोणत्याही आजारावरील उपचार नाही.' दादाने ती वाचलेली नाही, हे मी खात्रीने सांगते.

---

टिळकरोड_औषधवाला | सोमवार, रात्री १०:०५

ताई, तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, म्हणून राजसच्या 'तोटा काय' या प्रश्नाला उत्तर देतो.

फ्युकॉयडानची घडण हेपारिन या रक्त न गोठू देणाऱ्या औषधासारखी, दोघांवरही सल्फेट. त्यामुळे रक्त गोठणं ते काही प्रमाणात मंद करू शकतं. रक्त गोठवणारे बरेचसे घटक लिव्हरच बनवतं, आणि दारूने लिव्हर थकलं की आधीच ते कमी पडतात. त्यात कुणी वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना न विचारता ही डबी उघडूसुद्धा नये.

दुसरं आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. सुक्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये हजार-दोन हजार मायक्रोग्रॅम असू शकतं. कच्ची पावडर भरलेल्या कॅप्सूलने थायरॉइड बिघडू शकतं. हिजिकी नावाच्या शेवाळात तर अकार्बनी आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनची अन्न संस्था ते खाऊच नका म्हणते. जात लिहिलेली नसेल तर आत काय भरलंय कुणी सांगावं?

आणि एक कळकळीची विनंती. रात्री दारू, सकाळी डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल, हा प्रकार रोज माझ्या काउंटरवर दिसतो. काकांनी वर ज्या ग्लुटाथायोनबद्दल लिहिलं, पॅरासिटामॉलचं विषही तेच मारतं. रोज पिणाऱ्याकडे ते आधीच कमी असतं. कॅप्सूल राहू द्या, आधी ती गोळी घेताना डॉक्टरांना विचारा.

---

वैद्य_अनघा | सोमवार, रात्री १०:४०

औषधवाल्या काकांना अनुमोदन. मी आयुर्वेदाची आहे. भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा मी रोज देते, पण दारू चालू असताना केवळ त्यांच्या भरवशावर कुणाला सोडत नाही. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे आमच्या शास्त्रातही कुठे म्हटलेलं नाही. मात्रा, काळ, रोग्याचं बल, सगळं बघूनच द्यायचं असतं.

---

नारायणपेठ_फिजिशियन | मंगळवार, सकाळी ६:५०

मुग्धाताई, रुग्णाला न तपासता सल्ला देणं योग्य नाही. तरीही तुम्ही आकडे दिले आहेत आणि त्यावरून काही गोष्टी आजच सांगायला हव्यात.

एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुधा उलटं असतं. हा आकृतिबंध दारूचाच, आणि जीजीटी त्याला दुजोरा देते. फायब्रोस्कॅन करून घ्या. त्यात लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये कळतं, आठच्या आत असेल तर पुढच्या टप्प्याचा व्रण असण्याची शक्यता फार कमी. एसजीओटी खूप चढलेली असताना आकडा फुगून येतो, म्हणून दारू थांबल्यावर काही आठवड्यांनी केलेला बरा.

क्वार्टर म्हणजे नक्की किती, हे घरच्यांना माहीत नसतं. १८० मिलीलिटर, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निस्तरतं. तुमचे दादा नऊला ग्लास ठेवत असतील तर त्यांचं लिव्हर पहाटे तीन-चारपर्यंत त्याच कामात असतं. दररोज. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. आणि इथे तर लिव्हर सुजलेलं आहे.

चांगली बातमीही आहे. दारूमुळे साठलेली चरबी दारू पूर्ण थांबली तर बहुतेकांमध्ये चार-सहा आठवड्यांत उतरते. त्यासाठी २,४०० रुपये लागत नाहीत.

पण, आणि हे वहिनींना आजच वाचून दाखवा, उद्यापासून बाटली फेकून द्या असं करू नका. बारा वर्षं रोज ६० ग्रॅम घेणाऱ्याने एकदम बंद केली तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती काढताना औषधाचा आधार लागतो, सोबत थायमिन म्हणजे बी-१ लागतं. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा फिजिशियनच्या देखरेखीखाली करा, गरज पडली तर चार-पाच दिवस दाखल करून.

आणि 'न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल' अशा पावडरींच्या नादी लागू नका. त्यात कधी कधी डायसल्फिराम असतं. माणसाला कल्पना नसताना ते पोटात गेलं आणि वर दारू गेली की रक्तदाब कोसळतो. शिवाय लिव्हर आजारी असताना ते औषध मुळातच धोक्याचं. रात्री दोनला असे रुग्ण मी हाताळले आहेत.

---

राजस_बाणेर | मंगळवार, दुपारी १२:२०

तासांचा हिशोब वाचून थांबलो. पण मग मला सकाळी बरं का वाटतं?

---

पाषाणकर | मंगळवार, दुपारी २:००

राजस, बरं वाटलं ते खोटं नाही. पण कॅप्सूल घेताना तू सोबत मोठा ग्लास पाणी पितोस, बहुधा काहीतरी खाऊनही घेतोस. तेवढ्यानेही सकाळ सुधारते. डोकं उतरणं आणि लिव्हर वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा नाहीत, वेदना फक्त वरच्या आवरणाला कळते. म्हणून ते बिघडत जातं आणि माणूस म्हणतो, मला काही होत नाही. तुझ्या वयात एकदा लिव्हरची रक्ततपासणी करून घे, बाळा. मनापासून सांगतोय.

---

चौथं_वर्ष | मंगळवार, रात्री ११:३०

सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. आज राहवलं नाही.

मुग्धाताई, टेबलावरची ती डबी मी ओळखतो. माझ्या टेबलावर वेगळी होती. आधी लिव्हरच्या साध्या गोळ्या, मग मिल्क थिसल नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल, मग कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी उपाशीपोटी आवळ्याचा रस. या सगळ्यांतून मला एकच गोष्ट हवी होती, संध्याकाळची परवानगी. बायको काही म्हणाली की मी डबी दाखवायचो. 'घेतोय ना काळजी.' ती गप्प व्हायची. तिला गप्प करायला मी दर महिन्याला पैसे मोजत होतो, हे मला फार उशिरा समजलं.

पाय सुजले, पोटात पाणी झालं, तेव्हा ४९ वर्षांचा होतो. पोटातून सुईने पाणी काढलं, गवती चहासारखा रंग होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि तो घरी गेला नाही.

तिथून पुढे मुक्तांगणला गेलो. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेलं येरवड्याचं व्यसनमुक्ती केंद्र. मी अट्टल दारुडा नाही, हे मी तिथे पहिले आठ दिवस सगळ्यांना पटवत होतो. माझाही खाडा नव्हता ना कामाचा! नवव्या दिवशी गटात एक रिक्षावाले काका बोलले, 'पगार घरी देत होतो म्हणून मला वाटायचं मी घरात आहे.' त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. आता अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभेला जातो, दर आठवड्याला. चौथं वर्ष चालू आहे. लिव्हर पूर्ववत झालेलं नाही, होणारही नाही, पण पोटात पाणी परत झालं नाही.

तुमच्या दादांचं अजून फॅटी लिव्हरवर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर काय दिलं असतं... त्यांच्याशी डबीवरून भांडू नका. डबी खोटी आहे हे सिद्ध केलंत तर ते दुसरी आणतील. त्यांना विचारा, साडेसातला नक्की काय होतं? वर्कशॉप बंद केल्यावर, गाडी चालू करायच्या आधी? मला कुणी विचारलं नव्हतं.

---

धायरीची_मुग्धा | बुधवार, पहाटे १२:४०

वहिनीला वाचून दाखवलं. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. डॉक्टरसाहेब, एकदम बंद करायची नाही हे कळलं नसतं तर वहिनी उद्या सकाळी खरंच बाटल्या मोरीत ओतणार होती. तुमचे उपकार कसे मानू.

---

धायरीची_मुग्धा | सात आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९:५०

धागा वर आणतेय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन खांबांचा आलेख मी वहीच्या पानावर काढून दादाच्या वर्कशॉपला घेऊन गेले. त्याला मापांची, ड्रॉइंगची सवय आहे. पेन्सिलीने पहिल्या खांबाच्या टोकावरून आडवी रेघ मारली आणि तिसरा खांब त्या रेघेच्या वर किती उरतो ते बघत बसला. 'एवढा फरक राहतो?' एवढंच म्हणाला. मग मी साडेसातचं विचारलं. आधी टाळलं. मग म्हणाला, दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ऑर्डरचे पैसे बुडाले, तेव्हापासून शटर ओढलं की छातीत धडधडतं आणि ग्लास हातात आला की थांबतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. पाच दिवस दाखल केलं, दारू सोडतानाचा त्रास आवरणारं क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध कमी-कमी करत दिलं, थायमिनची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या रात्री हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला वहिनीने धरला. घरीच बंद केलं असतं तर, हा विचारही नको वाटतो. धडधडीसाठी वेगळे उपचार चालू आहेत.

मधे एकदा घसरला. चौथ्या आठवड्यात, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांना फोन केला.

कालचे रिपोर्ट: एसजीओटी ३९, एसजीपीटी ३४, जीजीटी ८८. फायब्रोस्कॅन ७.१. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी परत करू. कॅप्सूल त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, त्याने उरलेल्या ३४ मोजून कपाटात ठेवल्यात. का ठेवल्या, मी विचारलं नाही.

पाषाणकर काका, तुमचं ते तेलाचं उदाहरण तो आता प्रत्येक जाहिरातीला लावतो. देवबागकरीण, तुमच्या हिरव्या होणाऱ्या शेवाळाचं भाच्याला फार कौतुक वाटलंय, डिसेंबरात मालवणला न्यायचं कबूल करून बसलेय.

चौथं_वर्ष दादा, तुमची पोस्ट मी त्याला लगेच दाखवली नव्हती. मागच्या रविवारी दाखवली. दोनदा वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, 'या माणसाला विचार, साडेसातच्या सुमाराला एखाद दिवशी वर्कशॉपला येतील का.' तुमच्या व्यक्तिगत निरोपात पत्ता टाकलाय. जमेल तेव्हा, घाई नाही.

---

चौथं_वर्ष | शुक्रवार, रात्री १०:१५

उद्या येतो. सात वाजता.